घरी कोण कोण असतं?

दरवर्षी जून उजाडतो, निकाल लागतात, कॉलेजांतून पोरं बाहेर पडतात आणि नोकरीच्या मुलाखतींवरचा तोच वाद पुन्हा पेटतो. एका बाजूचं म्हणणं असं की आपली गावाकडची मुलं हुशार असतात, पण त्यांना बोलायचं-बसायचं वळण नसतं. तेव्हा शिष्टाचाराचे वर्ग काढा, टाय बांधायला शिकवा, इंग्रजीतून स्वतःची ओळख पाठ करून घ्या. दुसऱ्या बाजूला मुलाखत हा वशिल्याचा मागचा दरवाजा वाटतो. तो कायमचा बंद करा आणि लेखी गुणांवर नोकऱ्या द्या, अशी तिची मागणी. दोघेही पोटतिडकीने बोलतात आणि दोघेही टेबलाच्या एकाच बाजूकडे बघतात. उमेदवाराचं काय चुकतं, किंवा उमेदवाराला कसं नाडलं जातं, एवढंच चर्चेत येतं. टेबलापलीकडे बसलेल्या तिघांनी त्या अर्ध्या तासात नेमकं काय करायचं असतं, याबद्दल कोणी बोलत नाही. माझं म्हणणं तिथूनच सुरू होतं. आपल्याकडे मुलाखत म्हणून जे चालतं तो बहुतेक वेळा बघण्याचा कार्यक्रम असतो, आणि त्याच्या आगेमागे होणारी 'चौकशी' म्हणजे कुजबुज. उमेदवाराला वळण लावून हे सुधारणार नाही आणि मुलाखत रद्द करूनही सुधारणार नाही. मुलाखत घेणाऱ्याचे हात नियमांनी बांधावे लागतील.

'मुलाखत' हा शब्द मुळात अरबी 'मुलाकात'वरून आलेला, अर्थ भेट. आणि भेटीसारखीच आपण ती घेतो. उमेदवार आत येतो, बसा म्हटल्यावर बसतो आणि प्रश्न सुरू होतात: मूळ गाव कुठलं? वडील काय करतात? घरी कोण कोण असतं? लग्न ठरलंय का? मधेच साहेबांना त्याच गावचे कोणी पाहुणे आठवतात, पाच मिनिटं त्यांच्या आठवणींत जातात. शेवटी पगाराची अपेक्षा विचारून होते आणि "कळवतो" म्हणून सगळे उठतात. मुलगी बघायला आलेली मंडळीही हाच शब्द बोलून उठत. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलीला चालायला लावायचं, चार ओळी वाचायला लावायच्या, त्यामागे घराणं, तब्येत, स्वभाव यांचा अदमास घ्यायचा असे. स्वयंपाक येतो का हे विचारलं जाई, पण तिला चुलीपुढे बसवून कोणी बघत नसे. नोकरीच्या मुलाखतीत तेच घडतं. टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, येतं का, असं विचारतात. कॉम्प्युटर टेबलावरच असतो. पण "एक पेमेंट व्हाउचर टाकून दाखवा" असं कोणी म्हणत नाही.

घरचे प्रश्न विचारणाऱ्यांचा बचाव ठरलेला आहे: उमेदवाराला जरा मोकळं वाटावं म्हणून विचारतो, त्यावर काही ठरत नाही. खरंच ठरत नाही का? २००७ साली सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी दिल्लीतल्या मोठ्या कंपन्यांच्या २५ एचआर व्यवस्थापकांशी बोलून एक अभ्यास प्रसिद्ध केला. आम्ही फक्त गुणवत्ता बघतो, असं सगळे सांगत होते. आणि त्याच दमात, उमेदवाराची कौटुंबिक पार्श्वभूमी फार महत्त्वाची, असंही सांगत होते. वडील शिकलेले आहेत का, घर कुठे आहे, भावंडं काय करतात, यावरून माणसाचा 'दर्जा' ते ताडत होते. त्याच वर्षी आपले सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा अभ्यास आला. वर्तमानपत्रांतल्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले; शिक्षण जागेला साजेसं, फक्त नावं वेगळी. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश, मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश. इथे तर माणूस समोर आलेलाच नव्हता. तो समोर येऊन बसल्यावर आडनाव, गाव आणि वडिलांचा धंदा पहिल्या पाच मिनिटांत विचारून घेतला, तर उरलेल्या पंचवीस मिनिटांत बघणाऱ्याच्या डोळ्यांवर कुठला चष्मा असेल?

न्यायालयांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. श्रीनगरच्या रीजनल इंजिनिअरिंग कॉलेजातल्या प्रवेशाबद्दलचा अजय हासिया खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो. सर्वोच्च न्यायालयाचा हा निकाल १९८० च्या नोव्हेंबरमधला. तिथे १५० पैकी ५० गुण तोंडी परीक्षेला होते. तक्रार अशी होती की मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली आणि विचारलं काय, तर आईवडील कोण आणि राहता कुठे. न्यायालयाने अशा प्रवेशांत १५ टक्क्यांहून जास्त गुण तोंडी परीक्षेला ठेवणं मनमानी ठरवलं. त्याच निकालात आणखी एक सूचना आहे, तिची आठवण फारशी कोणी काढत नाही: मुलाखती टेप करून ठेवणं इष्ट आहे, म्हणजे निवड मनमानी होती का हे नंतर तपासता येईल. त्या काळी टेपरेकॉर्डर ही चैनीची वस्तू होती. आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचं यंत्र आहे आणि तरीही आपण वाद घालतो तो टक्क्यांवर. यूपीएससीत आज २,०२५ पैकी २७५ गुण मुलाखतीला आहेत, म्हणजे साधारण साडेतेरा टक्के. हा आकडा आठ करा की वीस, आतला अर्धा तास कसा चालतो याला हात लागत नाही.

समोरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा अनुभवाचा आहे. वीस-पंचवीस वर्षं माणसं हाताळलेला माणूस समोरच्याला दहा मिनिटांत ओळखतो, असं म्हणतात, आणि हे खोटं म्हणून उडवून लावता येत नाही. मुरलेल्या टर्नरला लेथच्या आवाजावरून बिघाड कळतो, जुन्या डॉक्टरला चालण्यावरून आजार कळतो. पण त्यांना ते का कळतं? आवाज ऐकून बांधलेला अंदाज बरोबर निघाला की चूक, हे टर्नरला दहा मिनिटांत मशीन उघडल्यावर दिसतं. शेकडो वेळा चुकून, चूक डोळ्यांनी पाहून त्याचा कान तयार झालेला असतो. मुलाखत घेणाऱ्याला ही सोय नाही. ज्यांना नाकारलं ते पुढे कसे निघाले, हे त्याला आयुष्यात कधी कळत नाही. ज्यांना घेतलं ते वर्षभराने चांगले निघाले तर "मी तेव्हाच ओळखलं होतं", वाईट निघाले तर "नंतर बिघडला". अशा ठिकाणी वर्षं सरतात, आत्मविश्वास वाढतो. पारख वाढेलच असं नाही.

अभ्यासही हेच दाखवतात. मुलाखतीतले गुण आणि नंतरचं प्रत्यक्ष काम यांचं नातं शून्य ते एक या मापात मोजतात. शून्य म्हणजे नाणं उडवल्यासारखं, एक म्हणजे तंतोतंत भाकीत. १९९८ मध्ये श्मिट आणि हंटर यांनी जुन्या अभ्यासांची गोळाबेरीज करून मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीला ०.३८ आणि बांधीव मुलाखतीला, म्हणजे सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न आणि गुणांचं मोजमाप आधीच लिहिलेलं अशा मुलाखतीला, ०.५१ असा आकडा काढला होता. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी त्या गणितातल्या दुरुस्त्या नव्याने तपासल्या. दोन्ही आकडे खाली आले: बांधीव ०.४२, मोकळी ०.१९. म्हणजे बांधीव मुलाखत हाही काही परीस नाही. पण निवडीच्या ज्या पद्धती त्यांनी पडताळल्या त्यांत ती सगळ्यात वर राहिली आणि आपली नेहमीची गप्पांची मुलाखत बरीच खाली गेली.

मग मुलाखत रद्दच का नको? हा पक्ष मला अधिक प्रामाणिक वाटतो, कारण तो अपमान सोसलेल्यांचा पक्ष आहे. खासगी शाळांत शिक्षकाच्या जागेसाठी पैसे मागितल्याच्या तक्रारी आपण पिढ्यान्पिढ्या ऐकतोय. शिक्षक भरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलवर 'मुलाखतीशिवाय' आणि 'मुलाखतीसह' असे दोन रकाने आले की उमेदवारांचा जीव पहिल्या रकान्यात का अडकलेला असतो, हे वेगळं सांगायला नको. १५ ऑगस्ट २०१५ च्या लाल किल्ल्यावरच्या भाषणानंतर केंद्राने १ जानेवारी २०१६ पासून गट 'क' आणि गट 'ब' अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या, महाराष्ट्रासह अनेक राज्यं त्या वाटेने गेली. खालच्या पदांसाठी घासाघीस थांबली, हे चांगलंच झालं. पण लेखी परीक्षा म्हणजे सोवळं, असं समजायचं कारण नाही. २०२१ च्या अखेरीस आरोग्य विभागाच्या भरतीचा पेपर फुटल्याचं उघड झालं, म्हाडाची परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलावी लागली, टीईटी या शिक्षक पात्रता परीक्षेतले निकाल फिरवल्याचं बाहेर आलं. ज्याला पैसे खायचे आहेत तो दरवाजा बदलतो. शिवाय काही कामं कागदावर तपासताच येत नाहीत. चिडलेल्या नातेवाइकाशी नर्स कसं बोलते, हे पर्याय क्रमांक तीनला गोल करून कसं कळणार? लीला धर खटल्यात १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने नेमकी हीच बाजू मान्य केली होती. राजस्थानच्या न्यायिक सेवेसाठी मुलाखतीला २५ टक्के गुण ठेवणं त्याने योग्य ठरवलं, कारण तिथे येणारी माणसं प्रौढ, घडलेली असतात आणि त्यांचा स्वभाव हा कामाचा भाग असतो. तेव्हा मुलाखत हवी. प्रश्न फक्त कसली, एवढाच.

बांधीव मुलाखत कशी घ्यायची, हे एकदा सविस्तर सांगायला हवं, कारण बहुतेकांना वाटतं की चार प्रश्न आधी लिहून ठेवले म्हणजे झाली. सुरुवात उमेदवारापासून होत नाही, कामापासून होते. जी जागा भरायची, तिथे आज काम करणारा, त्याच्यावर देखरेख ठेवणारा आणि त्याच्यामुळे ज्याचं काम अडतं तो, अशा तिघांना तासभर बसवायचं आणि एकच विचारायचं: गेल्या वर्षात या जागेवर काम कधी अडलं, आणि तेव्हा कोणी काय केलं? पंधरा-वीस प्रसंग सहज निघतात. सारखे प्रसंग एकत्र केले की चार-पाच गोष्टी हाती उरतात. त्यांवर सहा प्रश्न, प्रत्येकाला पाच-सहा मिनिटं, सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने.

एक उदाहरण जवळून बघू. चाकण-भोसरी पट्ट्यातल्या एखाद्या मध्यम कारखान्यात स्टोअर कीपरची जागा आहे. नेहमीचा प्रश्न असतो, "तुम्ही प्रामाणिक आहात का?" किंवा "दबावाखाली काम करू शकता का?" यावर "नाही" असं आजवर कोण म्हणालंय? त्याऐवजी हे विचारा: "संध्याकाळी साडेपाचला गाडी आलीय. चलनावर ५०० नग आहेत, मोजले तर ४८२ भरले. ड्रायव्हरला पुढे जायचंय, तो सहीसाठी घाई करतोय. आत लाइन याच मालासाठी थांबलीय, सुपरवायझरचा दोनदा फोन आलाय. तुम्ही काय काय कराल, क्रमाने सांगा." आणि उत्तर कसं मोजायचं हे मुलाखतीच्या आधीच लिहून ठेवा. पाच गुण कोणाला? जो ड्रायव्हरसमोर पुन्हा मोजतो, चलनाच्या दोन्ही प्रतींवर '४८२ मिळाले, १८ कमी' असं लिहून ड्रायव्हरची सही घेतो, पुरवठादाराला आणि परचेसला लगेच कळवतो, जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, ४८२ चाच करतो आणि तपासणी उरकून माल लाइनला सोडतो. तीन गुण कोणाला? जो कमी माल नोंदवतो, पण ड्रायव्हरची सही घेत नाही किंवा दुसऱ्या दिवसावर टाकतो. अशा वेळी पुरवठादार पुढे अठरा नगांवरून हात झटकतो. एक गुण त्याला, जो "नंतर बघू" म्हणत ५०० वर सही करतो, किंवा नियमावर बोट ठेवून सगळी गाडीच परत पाठवतो. या उत्तरात इंग्रजी लागत नाही, टाय लागत नाही, वडिलांचा धंदा तर नाहीच नाही. आणि ज्याने कधी स्टोअर सांभाळलंच नाही, त्याला हे उत्तर पाठ करून येता येत नाही.

हे बिघडतं कुठे, तेही ठाऊक हवं. पहिली चूक म्हणजे उत्तर काढून देणं: "म्हणजे तुम्ही मोजून घेणार, बरोबर ना?" आवडलेल्या उमेदवाराला पॅनल नकळत अशी काठी देतं, न आवडलेल्याला देत नाही. म्हणून पुढे खोदायचे प्रश्नही दोनच ठेवावेत आणि सगळ्यांना तेच: "त्यानंतर काय?" आणि "कोणाला कळवाल?" दुसरी चूक चहाच्या कपाबरोबर होते. उमेदवार बाहेर गेला की साहेब म्हणतात, "पोरगा चुणचुणीत वाटला," आणि उरलेल्या दोघांची पेन्सिल आपोआप चारवर जाते. तीन जणांचं पॅनल कागदावर राहतं, मत एकाचंच उरतं. म्हणून उमेदवार दारातून बाहेर पडताच, एक शब्दही न बोलता, प्रत्येकाने आपापल्या कागदावर गुण लिहून सही करायची. नंतर बोलायचं, तेव्हा सगळ्यात धाकट्याने आधी बोलायचं. दोघांच्या गुणांत एकाहून जास्त फरक असेल तर उमेदवाराचे नेमके शब्द कोणी काय टिपलेत ते वाचायचे; 'वाटलं' हा पुरावा धरायचा नाही. तिसरी चूक गुणपत्रिकेच्या तळाशी असते: 'एकूण व्यक्तिमत्त्व' नावाचा रकाना. वरच्या सहा प्रश्नांची मेहनत हा एक रकाना धुऊन टाकतो, कारण आवडता उमेदवार तिथे वर उचलता येतो. तो रकाना काढून टाकावा आणि बेरीज ही बेरीजच राहू द्यावी. मुलाखती दोन दिवस चालणार असतील तर पहिल्या दिवशीचे प्रश्न संध्याकाळपर्यंत पसरतात, तेव्हा तोलामोलाचे दोन संच हवेत.

यावर लहान मालकांची अडचण खरी आहे. दहा माणसांचं वर्कशॉप, मालकच सेल्समन आणि मालकच एचआर. त्याने एवढा पसारा कुठून मांडायचा? त्याने मांडू नये. त्याला मुलाखतीहून चांगलं साधन हाताशी आहे, ते म्हणजे काम. आयटीआय झालेल्या पोराला व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन), एक ड्रॉइंग आणि पाच तयार जॉब द्या. टॉलरन्समध्ये, म्हणजे मापाच्या ठरलेल्या मुभेत, कोणते बसतात, कोणते रिजेक्ट, हे कारणासह सांगायला लावा. वीस मिनिटांत जे कळेल ते दोन तास गप्पा मारून कळणार नाही. सीएच्या ऑफिसात जुनी दहा बिलं देऊन नोंदी करायला सांगा, त्यात एक बिल मुद्दाम जीएसटी चुकलेलं ठेवा. फक्त एक पथ्य पाळा. नमुन्याचं काम जुन्या, निकाली निघालेल्या कामातलं असावं आणि तासाभरात संपणारं असावं. चालू प्रोजेक्टचं डिझाइन 'असाइनमेंट' म्हणून चार दिवस करून घ्यायचं आणि मग कळवायचंच नाही, हा प्रकार शहरांत बराच बोकाळलाय. ते फुकट राबवून घेणं आहे; त्याहून मोठं काम करून घ्यायचं असेल तर पैसे द्या.

आता शिष्टाचार. वागण्याबोलण्याला काहीच किंमत नाही, असं माझं म्हणणं नाही. रिसेप्शनवर, बँकेच्या खिडकीत, दवाखान्यात, विक्रीत बोलणं हेच काम आहे, आणि तिथे ते कामासारखंच तपासायला हवं: तक्रार घेऊन आलेल्या ग्राहकाचा प्रसंग उभा करा आणि बघा. पण ज्या जागेचा लोकांशी संबंध नाही तिथेही हस्तांदोलन किती घट्ट, बूट किती चकचकीत, 'पाणी' म्हणतो की 'पानी', हे मोजलं जातं, तेव्हा मोजलं जातं ते घर. हे नवं नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांच्या शिफारशीवर हेलीबरी कॉलेजातून भारतात येणाऱ्या साहेबांची वाट १८५३ च्या चार्टर कायद्याने बंद केली, १८५५ मध्ये पहिली स्पर्धा परीक्षा झाली. परीक्षा देऊन आलेल्या नव्या पोरांना जुने साहेब 'कॉम्पिटिशनवाला' म्हणून हिणवत: पुस्तकी किडे, नीट घोड्यावर बसता येत नाही, खानदानी वागणं नाही. शिफारशीने आलेल्यांनी परीक्षेने आलेल्यांवर काढलेली ही खोड, आणि "मार्क आहेत हो, पण पॉलिश नाही" हे आजचं वाक्य, यांत फरक कुठे आहे? घोडेस्वारीची गोष्ट तर पुढे आपल्याच दाराशी आली. अरविंद घोष आयसीएसची लेखी परीक्षा १८९० मध्ये वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले आणि १८९२ मध्ये घोडेस्वारीच्या चाचणीवर अडले, नोकरी गेली. ती चाचणी त्यांनी मुद्दामच टाळली असं मानतात, ते बाजूला ठेवू. १८९३ मध्ये ते सयाजीरावांच्या बडोद्यात नोकरीला लागले. पण त्या चाचणीबद्दल एक गोष्ट मान्य करावी लागते. त्या काळी जिल्ह्याचा अधिकारी दौरा घोड्यावरूनच करायचा, तेव्हा घोडा हा कामाचा भाग होता, आणि चाचणी घोड्यावर बसवूनच घेत. मे महिन्यात नागपुरात कोट घालून आलेला अकाउंटंट कशाची चाचणी देत असतो?

शिष्टाचाराच्या या सगळ्या चर्चेत खुर्चीतल्या माणसाचा शिष्टाचार कोणी शिकवत नाही. परभणीहून रात्रभर एसटीने आलेल्या मुलाला सकाळी दहाची वेळ देऊन अडीच वाजता आत घ्यायचं, त्याचा अर्ज त्याच्यासमोर पहिल्यांदा उघडायचा, मधेच फोनवर बोलायचं, जुना पगार विचारून त्यावरच दहा टक्के चढवायचे. वेळ पाळणं, कोण मुलाखत घेणार आणि किती वेळ लागेल हे आधी कळवणं, पहिल्याच फोनवर पगाराचा पट्टा सांगणं, बाहेरगावच्या उमेदवाराची पहिली फेरी फोनवर घेणं, यातलं काय खर्चिक आहे? आणि काही प्रश्न तर असभ्यतेच्याही पलीकडचे आहेत. एलआयसीच्या नोकरीच्या फॉर्ममध्ये बाईला मासिक पाळी आणि गर्भारपण यांची माहिती भरावी लागे. १९९१ मध्ये नीरा माथुर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते रकाने काढायला लावले. फॉर्ममधले रकाने गेले, पण "लग्नानंतर काय विचार आहे?" हा प्रश्न तोंडी उरला. विचारायचं कारण तेच आणि उत्तराचा उपयोगही तोच.

सगळ्यात कमी बोललं जातं ते कुजबुजीबद्दल. मुलाखत झाली की साहेब फोन उचलतात: "तुमच्याकडे होता ना हा? कसा आहे? खरं सांगा, आपल्यात राहील." सांगली-इचलकरंजीसारख्या ठिकाणी उद्योग एकमेकांना ओळखून असतात, एचआरवाल्यांचे व्हॉट्सअॅप ग्रुप असतात, आणि एका ओळीत माणसाचा निकाल लागतो: 'युनियनवाला आहे', 'जरा तिरसट आहे', 'तिचं तिथे काहीतरी झालं होतं'. इथे विरोधी मुद्दा वजनदार आहे आणि तो मला मनापासून पटतो. कुजबुज ही दुबळ्यांची ढाल असते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल १९९७ चा, त्यावरचा कायदा २०१३ चा. त्याआधी कुठल्या साहेबाच्या केबिनमध्ये एकटीने जायचं नाही, हे नव्या मुलीला जुनीने कानात सांगितलं म्हणूनच कित्येक जणी वाचल्या. आजही दहापेक्षा कमी माणसांच्या ऑफिसात अंतर्गत समिती नसते, तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे न्यावी लागते; तिथे बहुधा कानात सांगणं एवढंच उरतं. ते गप्प करा, असं मी म्हणणार नाही. पण खालून वर सावध करणारी कुजबुज आणि वरून खाली पोट मारणारी कुजबुज एका मापाने मोजायची का? "तिचं तिथे काहीतरी झालं होतं" ही ओळ बहुधा तक्रार करणाऱ्या बाईबद्दलच असते, आणि जिच्याबद्दल बोललं गेलं तिला ती कधीच ऐकू येत नाही.

ऐकू न येणं, हेच इथलं दुखणं. सरकारी नोकरीत हाच रोग 'गोपनीय अहवाल' या नावाने होता. वरिष्ठ वर्षाअखेर शेरा लिहिणार, वाईट असेल तर कळवणार, एरवी फाइलमध्ये बंद. देव दत्त नावाच्या अभियंत्याची बढती एका वर्षाच्या 'चांगला' या शेऱ्याने अडली. बढतीसाठी 'अतिशय चांगला' लागत होता, आणि 'चांगला' हा वाईट शेरा नसल्यामुळे तो त्यांना कळवलाच नव्हता. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शेरा कुठलाही असो, तो त्या माणसाला कळवलाच पाहिजे, म्हणजे त्याला त्यावर म्हणणं मांडता येईल. पुढच्याच वर्षी, १४ मे २००९ ला, केंद्राने पूर्ण अहवाल दाखवायचा आदेश काढला. "सीआर खराब केला" हे वाक्य ऑफिसांतून अजून गेलेलं नाही, पण निदान आज तो शेरा मागून वाचता येतो, त्याला उत्तर देता येतं. सरकारने आपल्या कर्मचाऱ्याला दिलेला हा हक्क नोकरी मागायला आलेल्या माणसाला का नसावा?

चौकशी करू नये, असं यातून निघत नाही. पैसे हाताळणाऱ्याची, लहान मुलांबरोबर काम करणाऱ्याची चौकशी केलीच पाहिजे. पण ती उघड असावी. निवड झाल्यावर, नेमणुकीच्या आधी, उमेदवाराकडूनच दोन नावं घ्यावीत आणि फोन करतोय हे त्याला सांगून करावा. सध्याच्या ऑफिसात त्याच्या परवानगीशिवाय कधीच करू नये. असा एक फोन चालू नोकरी घालवतो. दोघांनाही तेच प्रश्न विचारावेत: किती काळ होता, कोणतं काम त्याच्यावर सोपवलं होतं, कुठल्या कामात त्याला मदत लागायची, का सोडलं. "माणूस कसा आहे?" हा प्रश्न यादीतून काढावा, कारण त्याचं उत्तर म्हणजे मतच असतं. समोरचा काही वाईट बोलला तर एकच विचारावं: "हे तुम्ही स्वतः पाहिलं का?" स्वतः पाहिलेलं नसेल तर ते लिहायचं नाही. पाहिलेलं असेल तर उमेदवाराला बोलावून, कोणी सांगितलं ते न सांगता, काय सांगितलं ते पुढे ठेवायचं आणि त्याचं उत्तर त्याच कागदावर घ्यायचं.

आणि ज्याला घेतलं नाही, त्याला? आज त्याला "कळवतो" यापलीकडे काही मिळत नाही. तो महिनाभर फोनकडे बघतो आणि मग आपल्या इंग्रजीला, कपड्यांना, गावाला दोष देऊन शिष्टाचाराच्या वर्गाची फी भरतो. प्रश्न आणि मोजमाप आधीच लिहिलेलं असेल तर त्याला दहा दिवसांच्या आत चार ओळी पाठवणं अवघड नाही. "स्टोअर कीपरच्या जागेसाठी आपली निवड झाली नाही. आवक नोंदींच्या प्रश्नांत आपल्याला दहापैकी आठ गुण होते. कमी मालाच्या प्रसंगात आपण ड्रायव्हरची सही घेण्याचं आणि परचेसला कळवण्याचं सांगितलं नाही, तिथे पाचपैकी दोन. गुणपत्रिका सहा महिने आमच्याकडे आहे, बघायची असल्यास कळवा."